धुराच्या माळ्यावरचा अकरावा खंड

सुज्ञ वाचकहो, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर घडलेली एक हकिगत पुढे सविस्तर कथन करण्यात येत आहे. हिच्यात लढाई नाही, खून नाही, लग्नही नाही. एका विद्वान गृहस्थाने एका परदेशी तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथांपायी आयुष्याचा मोठा भाग खर्ची घातला. त्या कार्याचा अखेरचा खंड कोणत्या अवस्थेत छापखान्याकडे गेला, आणि त्यातील एका वाक्यापायी दोन भावांमध्ये काय झाले, एवढाच या कथेचा विषय आहे. विषय थकलेल्या माणसाचा असल्यामुळे कथाही सावकाश चालेल. वाचकांनी धीर धरावा, ही विनंती.

किन्हवलीच्या पुढे डांबरी रस्ता मुरबाडकडे वळतो, तेथून आत एका लहानशा गावात प्राध्यापक कमळाकर भेरे यांचे मूळ घर आहे. शाळेच्या दाखल्यावर ते कमळाकर, घरात आणि गावात कमळू. कल्याणच्या एका महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी दोन हिवाळे जर्मनीत काढले होते, आणि तेथेच तो तत्त्ववेत्ता त्यांच्या मानगुटीवर बसला, तो पुढे उतरलाच नाही. त्याचे नाव उच्चारताना गावाची जीभ अडखळे, म्हणून गावाने त्याला 'जर्मन बाबा' करून टाकले होते. "काय मास्तर, जर्मन बाबा काय बोलतो?" असे लोक एसटीच्या थांब्यावर विचारीत. एखाद्याच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची चौकशी करावी, तसा त्या विचारण्यातला सूर असे.

पुण्यातील एका संस्थेने त्या तत्त्ववेत्त्याची समग्र ग्रंथावली मराठीत सटीप प्रसिद्ध करण्याचे योजिले, त्यास वीस-बावीस वर्षे लोटली. भाषांतर अनेकांचे, परंतु टिपा एकट्या भेरे सरांच्या. टीप म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. मूळ ग्रंथात एखादे वाक्य येते. ते कोणाला उद्देशून आहे, त्यात ज्याचा उल्लेख झाला तो मनुष्य कोण, तोच शब्द लेखकाने पूर्वी कोठे आणि कोणत्या अर्थाने वापरला होता, हे सर्व शोधून पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहावे लागते. वाचक ते बहुधा वाचीत नाही. पण ते नसेल तर वरचे वाक्य अधांतरी लोंबत राहते. एका जुन्या पुस्तकविक्रेत्याचे खरे नाव काय, एवढ्या एका टिपेसाठी सरांनी महिनाभर परदेशाशी पत्रव्यवहार केला होता.

अशा रीतीने दहा खंड निघाले. योजना आरंभिणारे वृद्ध संपादक मध्येच निवर्तले. भाषांतरकारांपैकी दोघे गेले. सरांच्या पत्नीही गेल्या. राहिला अकरावा खंड, म्हणजे तत्त्ववेत्त्याने म्हातारपणी लिहिलेली सुटी टिपणे. आणि राहिले सर.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांची मुलगी नम्रता वाशिंदला नव्या इमारतीत राहते, तेथे लिफ्टची सोय होती, म्हणून ते तिच्याकडे गेले. महिन्याभरासाठी म्हणून गेले ते दोन वर्षे राहिले, कारण एक गुडघा बरा झाला तोवर दुसरा सुजला, आणि खरे सांगायचे तर त्यांना परतण्याची घाई नव्हती. अकराव्या खंडाच्या टिपा गावच्या घरात, पत्र्याच्या पेटीत होत्या. "अजून कच्च्या आहेत," असे म्हणून त्यांनी त्यांची नक्कल केली नव्हती, टंकलेखनालाही दिल्या नव्हत्या. गावी धाकटा भाऊ धाऊ आणि त्याची बायको गोजर घर सांभाळून होती. कागदांची चिंता करण्याचे कारण नव्हते.

मार्गशीर्षात पुण्याहून दूरध्वनी आला. योजनेची सूत्रे आता डॉक्टर समीक्षा नावाच्या तरुण संपादिकेकडे होती. ती सरांना मान देई, परंतु बोलणे आडपडदा न ठेवता करी.

"सर, विश्वस्तांनी आता स्पष्टच सांगितलंय. या महिनाअखेर अकरावा खंड आला नाही, तर योजना दहावर बंद. मी खूप भांडले."

"येईल," सर म्हणाले.

"टिपा तयार आहेत ना?"

"तयार आहेत. आणायच्या तेवढ्या राहिल्यात."

दुसऱ्या दिवशी ते आटगावपर्यंत गाडीने आणि पुढे जीपने गावी आले. भात झोडून झाले होते. अंगणात पेंढ्याची उडवी उभी होती आणि धाऊ तिच्यावर उभा राहून शेवटच्या पेंढ्या रचीत होता. भावाला पाहताच साठी उलटलेला तो गडी मुलासारखा खाली घसरला.

"दादा! अरे, काठी न घेता आलास?"

"काठी जीपमध्ये राहिली वाटतं. धाऊ, माझी पेटी काढ. कागद पाहिजेत."

"पेटीत कशाला असतील?" धाऊ हसला. त्याच्या चेहऱ्यावर मोठा विजय दिसत होता. "येडा हाय का मी? तू गेलास आन् पयल्याच पावसात पेटीला वाळवी लागली. बुड खाल्लान पेटीचा. तुजा त्यो जाडा शब्दांचा पुस्तक व्हता ना, त्याची मागची पाना गेली. मंग मी कागद काढलं."

"कुठे ठेवलेस?"

"चल, दाखवतो."

तो भावाला स्वयंपाकघरात घेऊन गेला. चूल पेटलेली होती. चुलीवर बांबूचा माळा, आणि माळ्यावर ओळीने मुडे टांगलेले.

नव्या पिढीला मुडा कदाचित ठाऊक नसेल. भाताचे बियाणे राखण्यासाठी पेंढ्याची दोरी वळून, त्या दोरीने घट्ट गुंडाळून, पेंढ्याचेच गोल गाठोडे बांधतात, तो मुडा. तो चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवला की बियाण्याला किडा लागत नाही, ओल धरत नाही, उंदीरही धुराला भितो. आता बियाणे पिशवीत विकत मिळते, त्यामुळे मुडा बांधणारे हात गावात दोन-तीनच उरले आहेत. धाऊचे हात त्यांतले. माळ्यावरचे मुडे इतके गोल, इतके घट्ट होते की मुरबाडच्या बाजारात मांडले असते तर लोक पाहायला थांबले असते.

"एकेका गठ्ठ्याला एक मुडा," धाऊ म्हणाला. "तू सुतळीनं बांधलं व्हतंस, तसंच ठेवलं. एक कागद मागंपुढं केला नाय. दोन पावसाळं गेलं, पण वाळवी इकडं फिरकली नाय."

सरांनी खाली घोंगडीवर बसून एक मुडा उकलावयास घेतला. दोरी सुटता सुटेना. शेवटी धाऊनेच ती कोयत्याने कापली. आतून जे निघाले त्याचा रंग चहाच्या चोथ्यासारखा होता. कडा काळ्या पडल्या होत्या आणि बोटांना चिकटत होत्या. सरांनी वरचे पान उचलले, दाराच्या उजेडाकडे धरले. त्यांची लिहिण्याची निळी शाई पिवळी होऊन कागदात विरून गेली होती. कोठे एखादी वेलांटी दिसे, कोठे पूर्णविराम.

बियाणे एका हंगामापुरते धुरात राहते, पेरणीला खाली उतरते. हे कागद दोन वर्षे कोणी उतरविले नव्हते.

"काय झाला?" धाऊने विचारले.

"दुसरा सोड."

दुसरा त्याहून बरा होता. मधली पाने वाचता येत होती. तिसरा अगदी गेलेला. पाचव्या मुड्यापर्यंत धाऊचे हसू मावळले. त्याला अक्षरे लावून लावून वाचता येत, तेवढ्यावरून त्याला कळून चुकले होते.

चुलीपाशी बसलेल्या गोजरने फुंकणी खाली ठेवली. तिचा स्वभाव बोलून मोकळे होण्याचा. "मी म्हणत व्हते. भावजींना फोन करून ईचारा, म्हणत व्हते. फोन हाय ना घरात? पण यांना सोताचाच डोका चालवायचा असतो."

"तू गप गो."

"आता गप काय? कागद म्हंजे काय वालाचा बी हाय?"

धाऊ उठला आणि बाहेर उडवीकडे निघून गेला.

आता एक गोष्ट सांगणे अवघड आहे, परंतु ती वगळली तर कथा खोटी होईल. ते करपलेले पान हातात धरले असता भेरे सरांच्या मनात प्रथम जे आले ते दुःख नव्हते. डोक्यावरची मोळी कोणीतरी मागून येऊन उतरवून घ्यावी आणि मान एकाएकी हलकी व्हावी, तसे त्यांना झाले. संपले, आता कोणी मागणार नाही, असे वाटले. दुःख त्यामागून आले, आणि त्या दोहोंमागून लाज. मग गोजरने चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला.

तिसऱ्या दिवशी दोघे भाऊ शहापूरला गेले. बाजारपेठेत स्नेहल नावाच्या मुलीचे झेरॉक्स आणि स्कॅनिंगचे दुकान आहे. जीपमध्ये धाऊ सर्व गठ्ठे मांडीवर घेऊन बसला होता आणि खड्डा आला की त्यांवर हात ठेवीत होता.

स्नेहलने गठ्ठा उघडला. "आजोबा, हे काय, पापड आणलेत का?" तिने सरांचा चेहरा पाहिला. मग तिने एक पान यंत्रावर ठेवले. पडद्यावर काळाकुट्ट चौकोन उमटला.

"पोरी, जरा उजेड वाढव ना," धाऊ म्हणाला.

तिने वाढविला. काळ्याचे तपकिरी झाले, तपकिरीचे पांढरे.

"बघा बाबा. आता नुसता उजेडच राहिला, अक्षर पण गेलं."

"थोडा कमी कर मंग."

"केला. पुन्हा काळं."

धाऊने मान हलविली, जणू दोष यंत्राचा होता. दुपारपर्यंत स्नेहलने चिकाटीने सर्व पाने काढून पाहिली. साधारण निम्म्या टिपा हाती लागल्या. उरलेल्या गेल्या.

दुकानाच्या पायरीवर बसूनच सरांनी पुण्याला दूरध्वनी लावला आणि झाले ते सांगितले. धाऊ शेजारी बसला होता. पलीकडून समीक्षाने विचारले.

"सर, परत लिहिता येतील?"

"माझी दृष्टी आता तशी नाही. आणि पत्रं लिहून ज्यांना विचारायचं, ते लोकही राहिले नाहीत. नाही जमायचं, समीक्षा."

"मग आहे तेवढं छापू. जिथे टीप गेली तिथे कंसात म्हणू, 'टीप वाचता येत नाही'. पण सर, प्रस्तावनेत कारण द्यावं लागेल, आणि स्पष्ट द्यावं लागेल. नाहीतर लोक म्हणतील, भेरे सरांनी शेवटी शेवटी कामच केलं नाही. तसं म्हणणारे आहेत, तुम्हाला माहीत आहेत ते. कोणी केलं, कसं झालं, लिहून टाका. तुमच्या वीस वर्षांच्या नावाचा प्रश्न आहे."

दूरध्वनी मोठ्याने बोलणारा होता. धाऊने सर्व ऐकले.

परतताना जीपमध्ये तो म्हणाला, "दादा, माजा नाव घाल."

"बघू."

"बघू काय? मी केला, तर माजा नाव. तुजा कशाला खराब व्हावा? पुण्याचे लोक मला थोडंच वळखतात? भेटले तरी काय करतील, भात घेऊन जातील?"

हे त्याने थट्टेच्या सुरात म्हटले, परंतु त्याचा हात अजून गठ्ठ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर ओटीवर वाक्य लिहावयास बसले. त्यांना वाटले होते, हे वाक्य जड जाईल. आश्चर्य असे की ते हाताखालून सहज उतरले: 'टीपकाराच्या कुटुंबातील एका अशिक्षित व्यक्तीच्या अज्ञानामुळे प्रस्तुत खंडाची अपरिमित हानी झाली.' शब्द जणू वाट पाहत उभे होते. त्यांनी ते पुन्हा वाचले आणि त्यांना चुकल्यासारखे वाटू लागले. असे वाक्य आपण पूर्वी कोठेतरी लिहिले आहे, असा संशय आला.

वाचता येणाऱ्या टिपांमध्ये शोधाशोध केल्यावर ते सापडले. मूळ तत्त्ववेत्त्याची अखेरची टिपणेही पूर्ण मिळालेली नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर त्यांपैकी पुष्कळशी पाने त्याच्या घरमालकिणीच्या खोलीत, शेगडीच्या बाजूला, करपून तपकिरी झालेली आढळली. त्यावर भेरे सरांची टीप होती: 'घरमालकिणीच्या अज्ञानामुळे व बेपर्वाईमुळे तत्त्वविचाराची अपरिमित हानी झाली. तिने ही पाने सरपण पेटविण्यासाठी ठेवली असावीत.'

सरांनी चष्मा काढून पुसला. ती पाने शेगडीपाशी का होती, हे कोणत्याही साधनात नव्हते. शेगडीजवळ आढळली, एवढेच होते. बाकीचे सरांनी स्वतः घातले होते. पुस्तकविक्रेत्याच्या नावासाठी त्यांनी महिना घालविला. त्या बाईसाठी अर्धा दिवसही नव्हे.

इतक्यात आतून खोकल्याचा आवाज आला. गोजर चुलीपाशी खोकत होती, आणि थांबत नव्हती. सर दारापर्यंत गेले. चुलीच्या शेजारी, कोपऱ्यात, गॅसची शेगडी होती. तिच्यावर फडके घातलेले होते.

"गोजर, गॅस आहे ना घरात? मग चुलीवर कशाला?"

गोजरने पदराने डोळे पुसले. "गॅस हाय की. भाविकनं, माज्या भाच्यानं बसवून दिला, तुमी वाशिंदला गेलात त्याच वरसाला. मी एकदा च्या केला त्याच्यावर. हे म्हणाले, चूल बंद केली तर धूर कुठला आणायचा? दादाचे कागद हायेत वर." ती पुन्हा खोकली. "दोन वर्सं, भावजी. गरमीत पण दोन येळा चूल. माजं डोळं फुटलं जर्मन बाबापायी. सोयऱ्यांकडं लग्नाला गेलो, तर हे राती माघारी आलं, चूल पेटवायला."

सर उंबऱ्यावरच बसले. आपण वाशिंदला चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून, हे काम संपणार कधी असा कंटाळा करीत होतो, तेव्हा येथे दोन माणसे त्याला धूर घालीत होती. आपल्याहून जास्त काळजी घेत होती. आणि ती काळजीच कागदांना भोवली. यात रागवावे कोणावर, हे त्यांना कळेना.

धाऊ परसातून आला. भाऊ उंबऱ्यावर बसलेला पाहून तो जागीच थबकला.

"झाला लिवून?"

"एक झालंय, ते खोडायचं आहे. बस इथे."

सरांनी कागद मांडीवर घेतला. प्रथम त्यांनी घरमालकिणीची टीप खोडली आणि तेथे लिहिले: 'ही पाने शेगडीजवळ कोणत्या हेतूने ठेवली होती, हे ज्ञात नाही. तो हिवाळा ओलसर होता, असे त्या काळच्या पत्रांवरून दिसते. पाने जपण्यासाठी ठेवली असावीत, हीही शक्यता आहे.' मग दुसरा कागद घेऊन ते पुष्कळ वेळ लिहीत व खोडीत राहिले. या वेळी वाक्य सहज येत नव्हते. अखेर त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखविले:

"'या खंडाच्या टिपा वाळवीपासून वाचविण्यासाठी टीपकाराचे बंधू धाऊ भेरे व त्यांच्या पत्नी गोजर यांनी, आमच्या भागातील बियाण्याच्या रीतीप्रमाणे, मुड्यांत बांधून चुलीच्या धुरावर राखल्या. आज ज्या टिपा शिल्लक आहेत, त्या त्यांच्यामुळे. ज्या धुराने गेल्या, त्यांची नक्कल टीपकाराने वेळीच करून ठेवली नव्हती. त्यांचा दोष त्याच्याकडे आहे.'"

धाऊ म्हणाला, "असा लिवला तर तुजा नाव खराब व्हईल. ती बाई म्हणली ना फोनवर."

"होईल थोडं."

"माजा घातला असतास तर झाला असता ना."

"घातलंय की."

"तसा नाय..." त्याने टोपी काढून गुडघ्यावर झटकली. "आन् त्या जर्मनच्या बाईचा काय लिवलास?"

"का ठेवलं ते ठाऊक नाही, असं लिवला."

"हां," धाऊ म्हणाला. "तिला कोणी ईचारला पण नसंल."

आतून गोजर म्हणाली, "माजा पण नाव हाय का त्याच्यात? मंग चूल इझवू ना आता, भावजी? का बाराव्या खंडाला ठेवायची?"

"इझव गो," सर म्हणाले. "बारावा नाही."

समीक्षाला मजकूर पाठविला तेव्हा तिने एकदा दूरध्वनी केला. "सर, हे जरा घरगुती वाटतंय. विद्वान लोक हसतील. आणि दोष तुमच्याकडे कशाला?" सर म्हणाले, "असू दे. ती टीप पूर्ण आहे. एवढी एकच पूर्ण आहे, ती तशीच छाप." ती पुढे वाद घालीत बसली नाही.

खंड निघाला. पानोपानी कंस आहेत आणि कंसात तेच तेच वाक्य आहे. कोणी हसले असेल, कोणी सरांना आळशी म्हटले असेल; ते येथवर ऐकू आले नाही. सर वाशिंदला परतले नाहीत. दुपारी ते ओटीवर झोपतात, आणि एसटीच्या थांब्यावर कोणी जर्मन बाबाची चौकशी केली तर म्हणतात, "गेले ते." पुस्तकाची एक प्रत धाऊने गॅसच्या शेगडीपासून लांबच्या फळीवर ठेवली आहे. मुडा बांधू का, असे त्याने विचारले होते. सरांनी नको म्हटले, म्हणून त्याने ती नुसत्या फडक्यात गुंडाळली.

कथा येथे पुरी झाली. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण नववीपर्यंत झालेले असून तत्त्वज्ञान त्याच्या आवाक्यातले नाही. जे पाहिले आणि त्या घरी बसून ऐकले, तेवढेच त्याने जुळविले आहे. आपला वेळ काढून आपण ते शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचे मनापासून आभार.

भरत काशिनाथ विशे
सरळगाव, तालुका मुरबाड